'घरात कोणाला कॅन्सर?' या प्रश्नात आत्याही येते: आनुवंशिक कॅन्सरबद्दल बोलूया

रानजाई :

केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास' अशी एक ओळ असते आणि बहुतेकांच्या कागदावर तिच्यापुढे 'विशेष काही नाही' असं लिहिलेलं असतं. माझ्याही होतं. "आईला, मावशीला, बहिणीला ब्रेस्टचा कॅन्सर होता का?" असं मला विचारलं गेलं आणि "नाही" हे त्याचं खरं उत्तर होतं. माझ्या मोठ्या आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, धाकटीला स्तनाचा, आणि धाकटीच्या मुलीला तर चाळिशीच्या आतच. पण आत्यांबद्दल कोणी विचारलंच नाही. घरातही आत्यांची दुखणी म्हणजे त्यांच्या सासरचा विषय. मोठीच्या 'पोटात पाणी झालं होतं', एवढंच आम्हा भाचरांना ठाऊक.

माझी स्तनातली गाठ ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन आणि एचईआर-२, या तिन्हींच्या चाचण्या नकारार्थी येणारा प्रकार) निघाली, म्हणून दुसऱ्या ऑन्कॉलॉजिस्टनी जनुकीय चाचणी करायला लावली. बीआरसीए-१ या जनुकात स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष सापडला. तो वडिलांकडून आलाय. वडील पंच्याहत्तरीचे आहेत, त्यांना आजवर काही झालेलं नाही.

हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये त्याची जागा दाखवली, १९९४ मध्ये ते नेमकं सापडलं आणि पुढच्याच वर्षी तसंच दुसरं जनुक, बीआरसीए-२. सतरावं गुणसूत्र स्त्री-पुरुष दोघांतही असतं, त्यामुळे दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने स्वतःच्या बीआरसीए-१ बद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही रकानेच्या रकाने भरून आले. इतकं होऊनही दवाखान्यात प्रश्न आईपाशी सुरू होतो आणि मावशीपाशी संपतो.

सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे थेट आनुवंशिक असतात, त्यामुळे सरसकट घाबरण्याचं कारण नाही. पण ज्या घरात तो आहे तिथे माहिती आजार होण्याआधी हाती येऊ शकते, आणि ती येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला काय विचारलं गेलं, घरात काय सांगितलं गेलं नाही, ते लिहा. इथे डॉक्टर असतील तर त्यांची बाजूही वाचायची आहे.

स्वरदा_क :

ताई, वाचून सुन्न झाले. तुमची तब्येत आता कशी आहे? माझ्या आईला ४८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, आता ती बरी आहे. मी ३१. मी ही चाचणी करून घ्यावी का? एका लॅबच्या संकेतस्थळावर रक्त घ्यायला घरी येतात असं दिसलं.

रानजाई :

ठीक आहे गं, उपचार संपलेत, तपासण्या सुरू आहेत. तू थेट चाचणी करू नकोस. आधी आईची करायची. आजार तिला झाला आहे, त्यामुळे उत्तर तिच्या रक्तात शोधायचं. तिच्यात दोष सापडला तर तुझ्यात नेमकी तीच जागा बघतात आणि उत्तर स्वच्छ मिळतं. तुझी एकटीची चाचणी केली आणि 'काही सापडलं नाही' असं आलं, तर त्यातून काहीच कळत नाही. घरात दोष आहे पण तुझ्यात आला नाही, की घरात जो आहे तो या चाचणीला दिसतच नाही, हे सांगता येत नाही. आई आहे, बरी आहे, तोवर हे करून घे.

तालुका_डॉक्टर :

धागा काढल्याबद्दल आभार. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. आमच्या बाजूने सांगायचं तर ओपीडीत एका पेशंटला मिळतात चार-पाच मिनिटं, आणि आमच्या शिक्षणात आनुवंशिकी म्हणजे डाऊन सिंड्रोम, हिमोफिलिया आणि परीक्षेपुरता मेंडेल. कॅन्सरचा कौटुंबिक इतिहास कसा घ्यायचा हे मला एमबीबीएसला कोणी बसून शिकवलं नाही. पण ही सबब होऊ नये. जे प्रश्न खरोखर कामाचे आहेत ते विचारायला पाच मिनिटं पुरतात.

पहिलं म्हणजे आईकडची आणि वडिलांकडची बाजू वेगवेगळी विचारायची. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुलं. दुसरं, वय. ७८ व्या वर्षीचा आणि ३८ व्या वर्षीचा स्तनाचा कॅन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरं, एकाच माणसाला दोनदा, किंवा दोन्ही स्तनांत झाला का. चौथं, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला का; तो एक जरी असला तरी पुढे पाठवायचं. अंडाशयाच्या कॅन्सरचंही तसंच: नेहमी आढळणाऱ्या प्रकारात कुटुंबात दुसरं कोणी नसलं आणि वय कितीही असलं, तरी त्या बाईची जनुकीय चाचणी व्हायला हवी, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचंही तेच, आणि पसरलेल्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचंही.

आता आमच्याकडची खरी अडचण. "आजीला पिशवीचा कॅन्सर होता" असं लोक सांगतात. गर्भाशयाच्या मुखाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा की अंडाशयाचा, तिन्हींना पिशवीचाच म्हणतात. आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. मुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूने होतो, त्याचा आनुवंशिकतेशी सहसा संबंध नसतो. अस्तराचा असेल तर लिंच सिंड्रोम (मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आणि अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) डोक्यात यायला हवा. अंडाशयाचा असेल तर बीआरसीए. जुना रिपोर्ट, निदान डिस्चार्ज कार्ड तरी, सापडलं तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. ट्रंकेत, देवघरातल्या कपाटात, कुठेही असू शकतं. शोधाच.

आणखी एक. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांबद्दल २०१९ मध्ये किती बातम्या आल्या होत्या! पिशवीबरोबर अंडाशयही काढलेले असतील तर त्या बाईला पुढे अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, स्तनाचाही धोका कमी होऊ शकतो. मग वंशावळ कोरी दिसते आणि धोका तसाच पुढच्या पिढीत जातो. ज्या घरात मुलगेच जास्त, तिथेही तसंच. म्हणून 'आमच्यात कोणाला नाही' हे ऐकल्यावर 'तुमच्यात बायका किती, आणि कितीजणींची पिशवी काढली' हेही मी विचारतो.

बाभूळ :

डॉक्टर, आमच्याकडे आजोबा, थोरले काका आणि आता चुलतभाऊ, तिघांना तोंडाचा कॅन्सर. मीही चाचणी करू का? फार धास्ती घेतली आहे घरच्यांनी.

तालुका_डॉक्टर :

तिघंही तंबाखू खायचे का? बहुधा हो. एका घरात सवयही पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. तोंडाच्या कॅन्सरमागे आपल्याकडे मुख्यतः तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री असते. तुम्ही खात असाल तर आजच सोडा, आणि तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर दाखवा. तुमच्यासाठी जनुकीय चाचणीपेक्षा हे हजारपट मोलाचं आहे. मात्र कधीच तंबाखू न खाल्लेल्या एखाद्याला अगदी तरुणपणी झाला असेल, तर सांगा, वेगळा विचार करू.

बाभूळ :

खायचे. मीही खातो. कळलं.

गणेश_प :

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझी बायको याच आजाराने गेली. दोन मुली आहेत, मोठीचं लग्न जमवतोय. चाचणी करून 'दोष आहे' असं आलं तर त्या पोरीने आयुष्यभर ते ओझं वागवायचं का? स्थळं येतील का? नशिबात असेल ते होईल, पण आधीच कपाळावर लिहून कशाला घ्यायचं?

नीलाक्षी :

गणेशदादा, तुमच्या मुलीच्या जागी मी होते म्हणून लिहितेय. माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. चाचणी लग्नानंतर केली, बीआरसीए-१ पॉझिटिव्ह. ओझं तर आधीपासूनच होतं, दादा. दर महिन्याला छातीला हात लावताना काळजात धस्स व्हायचं. चाचणीनंतर निदान कशाची तयारी करायची ते कळलं.

आकडे लपवत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के निघाली. बीआरसीए-२ मध्ये ६९ आणि १७. आकडे मोठे आहेत, पण करण्यासारखं खूप आहे. पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. स्तन काढून घेण्याचा पर्यायही आहे, त्याने धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो. मी तो घेतला नाही, एमआरआय करते. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा.

अंडाशयांचं मात्र वेगळं आहे. "दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करू, मग काढायची काय गरज?" असं मीही विचारलं होतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर ही तपासणी करून पाहिली गेली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तिने मृत्यू कमी झाले नाहीत. त्या साधारण धोक्याच्या स्त्रिया होत्या, पण जास्त धोक्याच्या बायकांनाही डॉक्टर नुसत्या तपासणीवर विसंबू देत नाहीत. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि बीजवाहिन्या काढायला सांगतात, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५. माझं ते झालं. अकाली पाळी जाणं सोपं नाही. अंगाची आग, झोप उडणं, हाडांची काळजी. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला नाही त्यांना हार्मोन देता येतात, त्याबद्दल शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा. मला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

लग्नाबद्दल: मुलगी सज्ञान आहे, तिला विचारा. तिला आत्ता जाणून घ्यायचं नसेल तर तोही तिचा हक्क. पण तिच्या आईचा रिपोर्ट, बायोप्सीचे कागद जपून ठेवा. शस्त्रक्रिया झाली असेल तर पॅथॉलॉजीत गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक ठेवलेले असू शकतात, ते मागून घ्या. पुढे कधी लागले तर त्यांचा उपयोग होतो.

गणेश_प :

ब्लॉकबद्दल कोणी बोललं नव्हतं. सोमवारी जाऊन विचारतो. बाकी मुलींशी बोलतो.

अनिकेत_नाशिक :

सगळे बीआरसीएवर बोलताय, पण आमच्या घरात लिंच आहे आणि ते नाव मी पस्तिशीपर्यंत ऐकलंही नव्हतं. मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, शिवाय जठर, लहान आतडं, मूत्रमार्ग, अंडाशय. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२ अशी जनुकं. डीएनएची नक्कल होताना चुका होतात, त्या दुरुस्त करणं हे यांचं काम. तेच बिघडलं की चुका साचत जातात.

आजोबांना रक्त जायचं. मूळव्याध म्हणून वर्षानुवर्षं चूर्णं आणि मलम. काकांचंही तसंच, ते ४३ व्या वर्षी गेले. आत्याची पिशवी 'खराब झाली म्हणून' काढली होती; आता कागद बघितले तर अस्तराचा कॅन्सर. तिघांचे डॉक्टर वेगळे, गावं वेगळी, आणि हे तिन्ही तुकडे कोणी एकत्र मांडले नाहीत. मिशिगनमधल्या आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टने तर १९१३ मध्येच अशा एका घराण्याची वंशावळ छापली होती! त्याच्या मागे होती त्यांची शिवणकाम करणारी बाई. घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार, असं ती म्हणायची, आणि पुढे तसंच झालं. त्या बाईला जे दिसलं ते आमच्या घरात कोणालाच दिसलं नाही.

लिंचच्या बाबतीत एक सोय आहे. कॅन्सरच्या तुकड्यावरच चार प्रथिनांची तपासणी, आयएचसी, करता येते. ती पुष्कळ पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि जनुकीय चाचणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. आतड्याचा किंवा अस्तराचा कॅन्सर निघाला की 'एमएमआरची (म्हणजे या दुरुस्तीच्या प्रथिनांची) आयएचसी झाली आहे का?' एवढं विचारा. मी आता दर दीड-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करतो. मागच्या खेपेला एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) निघाला, तिथल्या तिथे काढला. काकांना ही संधी मिळाली असती.

रानजाई :

अनिकेत, मूळव्याधीचं लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाला रक्त जातंय आणि घरात आतड्याचा कॅन्सर झालेलं कोणी आहे, तर एकदा दुर्बिणीने तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणू नये, एवढं तरी डॉक्टरांकडे आपण मागू शकतो.

नंदू_लॅब :

मी जनुकीय चाचण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये काम करतो (नाव सांगत नाही). रक्ताच्या दोन छोट्या नळ्या किंवा लाळ लागते, रिपोर्टला तीन-चार आठवडे. बीआरसीएची किंवा अनेक जनुकांची पॅनेल चाचणी करा, पण जनुकाचे मोठे तुकडे गळाले आहेत का हे त्यात बघतात ना, ते विचारा. त्याला एमएलपीए नावाची वेगळी चाचणी लागू शकते. परदेशातून भेट म्हणून येणारे 'आपले पूर्वज शोधा' छापाचे किट यासाठी वापरू नका. त्यात बीआरसीएच्या हजारो दोषांपैकी मोजकेच पाहिलेले असतात. 'निगेटिव्ह' बघून निर्धास्त झालेला माणूस बघवत नाही.

आणि व्हीयूएस. म्हणजे बदल दिसतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे आज ठरलेलं नाही. अशा बदलांच्या माहितीचा जगातला साठा मुख्यतः गोऱ्या लोकांच्या रक्तावरून झालेला असल्यामुळे आपल्याकडे असे निकाल जास्त येतात. व्हीयूएस आला म्हणून कोणीही अंडाशय काढू नयेत. काही वर्षांनी पुन्हा विचारा, वर्गीकरण बदलतं.

घरात एकाचा दोष कळला की नातेवाइकांना फक्त तेवढीच जागा तपासावी लागते. पहिल्या चाचणीच्या मानाने ते अगदी थोड्या खर्चात होतं.

लीड्सकर :

इथे ब्रिटनमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) विभागीय जेनेटिक्स सेवेकडे पाठवतात, निकष ठरलेले आहेत आणि त्यात बसलं तर खर्च नाही. साठीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह असेल तर चाचणी होते. पण गंमत बघा, आपल्या लोकांची वंशावळ भारतात असते. माझ्या समुपदेशकाने विचारलं, तेव्हा मी कोल्हापूरला फोन लावून आजीच्या बहिणींची माहिती काढली. परदेशात असाल तर गावी जाल तेव्हा हे विचारून या.

मुंबईत टाटा मेमोरियलची कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे आणि खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेक या केंद्रातही हे काम चालतं, हे मला तिथल्या रुग्णांकडूनच कळलं. अजून कोणी गेलंय?

रानजाई :

हो, माझं समुपदेशन तिथेच झालं. आधी वंशावळ काढतात, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री, आजार झालेले काळे. घरून जाताना तीन पिढ्यांची नावं, वयं, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, हे लिहून नेलंत तर वेळ वाचतो. आणि ही चाचणी फक्त नातेवाइकांसाठी नसते. बीआरसीएचा दोष असेल तर ओलापॅरिबसारखी औषधं उपयोगी पडतात, म्हणजे पेशंटचे उपचारच बदलू शकतात. हे डॉक्टरांना सांगायची वेळ रुग्णावर येऊ नये, पण आली तर सांगा.

मधुरा_ठाणे :

विम्याचं काय? रिपोर्ट आला की कंपनी नाकारेल अशी भीती आहे.

लीड्सकर :

अमेरिकेत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई करणारा २००८ चा कायदा आहे, तो आरोग्य विम्याला लागू होतो, आयुर्विम्याला नाही. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराचं कारण देऊन हृदयरोगाच्या एका रुग्णाचा दावा नाकारण्याविरुद्ध निकाल दिला होता. तरी ज्यांना आजार नाही त्यांनी चाचणीच्या आधी आरोग्य आणि आयुर्विमा दोन्ही उतरवून घ्यावेत, असं मी माझ्या भावाला सांगितलं. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नका.

सुनंदा_माळ :

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. मुलाचं तसं ठरतंय आणि दोघांच्या आज्जीला स्तनाचा होता. यात वेगळा धोका आहे का?

तालुका_डॉक्टर :

ताई, बरं झालं विचारलंत. ती आज्जी दोघांची एकच आहे, म्हणजे मुलाची आईची आई आणि मुलीची वडिलांची आई, बरोबर? तसं असेल तर दोष तिच्याकडून दोघांपर्यंत आलेला असू शकतो. एकेकाला जो धोका असतो तो तर असेलच. पण एखाद्या बाळाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळाली तर प्रकरण फार गंभीर होतं: बीआरसीए-२ मध्ये फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार, लिंचच्या जनुकांत लहानपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर. हे दुर्मीळ आहे, पण लग्नाआधी समुपदेशन घ्यावं इतकं महत्त्वाचं आहे. आज्जीला कितव्या वर्षी झाला होता? सत्तरीत एकटीलाच झाला असेल तर काळजी बरीच कमी.

सुनंदा_माळ :

चाळीस-बेचाळीस असेल. तिची बहीण पण गेली.

तालुका_डॉक्टर :

मग मुलाच्या आईला घेऊन आधी जेनेटिक्सच्या ओपीडीत जा, लग्नाची तारीख त्यानंतर धरा. मुलीच्या वडिलांनाही बरोबर न्या. ते पुरुष आहेत म्हणून त्यांना वगळू नका.

स्वरदा_क :

मुलांची चाचणी कधी करतात? मला चार वर्षांची मुलगी आहे.

नीलाक्षी :

बीआरसीएसाठी १८ च्या आधी नाही. तिने मोठं होऊन ठरवायचं. डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा, आतड्यात शेकडो पॉलिप होणारा एफएपी, थायरॉईडचा एक प्रकार, अशा काही आजारांत मात्र लहानपणीच करतात, कारण उपाय लहानपणीच करायचे असतात.

अनिकेत_नाशिक :

नातेवाइकांना कसं सांगितलंत ताई? मी चुलत्यांच्या घरी सांगितलं तर "आमच्या घराण्याला बट्टा लावतोस" असं ऐकावं लागलं.

रानजाई :

मीही ऐकलं. म्हणून फोनवर न बोलता सगळ्यांना एकच मजकूर पाठवला. समुपदेशकांनी त्यातली वैद्यकीय वाक्यं तपासून दिली होती. कोणाला हवा असेल तर वापरा:

"सर्वांना नमस्कार. मला झालेल्या कॅन्सरमागे बीआरसीए-१ जनुकातला दोष आहे असं तपासणीत कळलं आहे. तो आपल्या अण्णांच्या बाजूने आला आहे, त्यामुळे आत्यांच्या आणि काकांच्या सगळ्या मुलांमध्ये, मुलग्यांमध्येही, तो असण्याची शक्यता आहे. दोष असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, आणि आधी कळलं तर बरंच टाळता येतं. चाचणी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. करायची असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. माझ्या रिपोर्टची प्रत सोबत आहे."

अकरा जणांना पाठवला. तिघांनी चाचणी केली, दोघांत दोष निघाला, त्यातला एक माझा चुलतभाऊ. त्याला दोन मुली आहेत.

तालुका_डॉक्टर :

मजकूर उत्तम आहे. एक भर घालतो. प्रत पाठवताना दोषाचं नेमकं नाव ज्या पानावर आहे ते पान आवर्जून पाठवा, 'सी' आणि टिंबाने सुरू होणारी अक्षरा-आकड्यांची ओळ असते ती. नुसतं 'बीआरसीए पॉझिटिव्ह' असं सांगितलं तर नातेवाइकाच्या लॅबला काय शोधायचं ते कळत नाही आणि पूर्ण चाचणीचा खर्च पुन्हा करावा लागतो. आणि चुलतभावाला सांगा, चाळिशीनंतर दरवर्षी पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) बघायचं का हे त्याच्या डॉक्टरांशी बोल. बीआरसीए-२ असता तर मी ठामपणे कर म्हटलं असतं. बीआरसीए-१ मध्ये त्यांच्याशी चर्चा करून ठरवावं.